बालवाडीतील मुलांसाठी चित्रकला आणि सोपे विज्ञान एकत्र कसे आणावे?

चार-पाच वर्षांच्या मुलांना चित्रकलेबरोबरच थोडे विज्ञान, तेही फारसा खर्च न करता, कसे शिकवावे, असे तुम्ही विचारले आहे. मी बेळगाव जिल्ह्यातील खानापूर तालुक्यात बालवाडी चालवते. माझ्या मते प्रयोग आधी आणि चित्र नंतर, अशी विभागणी करूच नये. मुलांनी जो बदल पाहावा असे वाटते, तो चित्रातच घडला पाहिजे.

आमच्याकडे सर्वाधिक उपयोगी पडते ती माती. इकडची जांभ्याची तांबडी माती अंगणातच मिळते. काळी माती बैलहोंगलकडून कोणी येणार असल्यास मागवून घेता येते. प्रत्येक माती पारदर्शक बाटलीत पाण्याबरोबर घालून मुलांना हवी तेवढी हलवू द्यावी. बाटली खाली ठेवताच वाळू तळाशी बसते, पाणी मात्र बराच वेळ गढूळ राहते. ते गढूळ पाणी वेगळे ओतून घ्यावे, दुसऱ्या दिवशी वरचे नितळ पाणी काढून टाकावे आणि खालच्या गाळात डिंकाचे पाणी कालवावे, म्हणजे रंग तयार होतो. तळाच्या वाळूचाही असाच रंग करून द्यावा. वाळलेल्या चित्रावरून बोट फिरवले की एक रंग खरखरीत लागतो आणि दुसरा मऊ, तेव्हा बाटलीत आधी काय बसले होते हे मुले आपणहून सांगू लागतात. माती तांबडी का, असे कोणी विचारलेच, तर तिच्यात गंजासारखे लोह असते एवढे उत्तर पुरे.

हळदीचा उपक्रम त्याहून झटपट होतो. हळदीचे पाणी फासून वाळवलेल्या कागदावर कापसाच्या काडीने साबणाच्या पाण्याची रेघ ओढली की ती लालसर उमटते आणि लिंबाचा रस लावल्यास पुन्हा पिवळी होते. (हळदीचा डाग धुताना लाल होतो, हे मुलांच्या आयांना आपल्याआधी ठाऊक असते.) खायच्या चुन्याने रंग अधिक खुलतो, परंतु चुना डोळ्यात गेल्यास गंभीर इजा होते, मुलांच्या हाती तो मुळीच देऊ नये.

रेघ ओढण्यापूर्वी "आता काय होईल?" एवढेच विचारावे आणि प्रत्येकाला उत्तर देऊ द्यावे, घरी कन्नड बोलणाऱ्या मुलाने कन्नडमध्ये सांगितले तरी चालेल. आम्ल, अल्क हे शब्द या वयात नकोत. एका वेळी पाच-सहा मुलेच बसवावीत, आणि हळदीच्या दिवशी जुने कपडे घालून पाठवण्याचा निरोप आदल्या दिवशीच द्यावा.