डीटीएच बॉक्सवर रेकॉर्ड केलेला कार्यक्रम पेनड्राइव्हवरून लॅपटॉपवर कसा घ्यावा?

आपला प्रश्न मला समजला तो असा. गावातील भजनी मंडळाचा कार्यक्रम सह्याद्री वाहिनीवर लागला, तेव्हा आपण तो डीटीएच कंपनीच्या सेट-टॉप बॉक्सला पेनड्राइव्ह लावून रेकॉर्ड केला. बॉक्सवर तो व्यवस्थित दिसतो, परंतु तोच पेनड्राइव्ह लॅपटॉपला लावला की ‘वापरण्यापूर्वी डिस्क फॉरमॅट करा’ असा संदेश येतो. आता घरातील डीटीएच बंद करण्याचे घाटत आहे आणि त्याआधी कार्यक्रमाची प्रत काढून मंडळातील सर्वांना द्यायची आहे.

तो संदेश आला की ‘रद्द करा’ हेच बटण दाबावे. पेनड्राइव्ह बिघडलेला नाही. बॉक्सने पहिल्यांदा त्याचा ताबा घेतला तेव्हाच त्याची मांडणी स्वतःच्या सोयीची करून घेतली आणि ती बहुधा लिनक्स या संगणकप्रणालीची असते, त्यामुळे विंडोजला तो कोरा किंवा खराब वाटतो. या टप्प्यावर अनेक जण हरवलेल्या फाइली परत मिळवून देणारे सॉफ्टवेअर विकत घेतात किंवा पेनड्राइव्ह दुरुस्तीच्या दुकानात नेतात. तो खर्च वाया जातो, कारण इथे हरवलेले काहीच नसते. लिनक्स असलेल्या संगणकाला पेनड्राइव्ह लावला तर फाइली दिसतातही, पण त्या चालत नाहीत, आणि खरी अडचण तिथे आहे.

ही अडचण समजून घेतली तर पुढचा बराच त्रास वाचेल. उपग्रहावरून येणारा दूरचित्रवाणीचा प्रवाह १८८ बाइटांच्या छोट्या-छोट्या पाकिटांत विभागलेला असतो आणि प्रत्येक पाकिटाची सुरुवात एका ठरावीक बाइटने होते. एखादी खुली, म्हणजे कुलूप नसलेली रेकॉर्डिंगची फाइल बाइट दाखवणाऱ्या साध्या प्रोग्राममध्ये उघडून पाहिली, तर दर १८८ बाइटांनंतर रोमन लिपीतील ‘जी’ हे अक्षर नेमाने येताना दिसते. डीटीएच बॉक्सची फाइल तशीच उघडली, तर पहिल्यापासून शेवटपर्यंत नुसता खिचडा दिसतो. याचे कारण असे की बॉक्स कार्यक्रम पेनड्राइव्हवर उतरवताना तो कूटबद्ध करतो आणि त्याची किल्ली त्या बॉक्सपाशी किंवा त्यातील व्ह्यूइंग कार्डापाशी राहते. सह्याद्री ही सरकारी आणि विनाशुल्क वाहिनी असल्याने तिचे रेकॉर्डिंग तरी खुले असेल, असा आपला समज असल्यास तो स्वाभाविक आहे, परंतु बॉक्स रेकॉर्डिंगला कुलूप लावताना सहसा वाहिनीवाहिनीत भेद करत नाही. म्हणूनच तो पेनड्राइव्ह त्याच कंपनीच्या शेजाऱ्याकडील बॉक्सला लावला तरी कार्यक्रम दिसत नाही, आणि उद्या बॉक्स नादुरुस्त होऊन बदलून आला तर नव्या बॉक्सवरही तो दिसणार नाही. बॉक्सच्या पोटातच हार्ड डिस्क असणाऱ्या रेकॉर्डरचीही हीच कथा आहे.

यातून दोन गोष्टी निघतात. पहिली, त्या फाइलची थेट नक्कल करून ती लॅपटॉपवर चालवण्याचा सरळ मार्ग नाही, आणि तसा मार्ग असल्याचे सांगणाऱ्या व्हिडिओंवर वेळ घालवू नये. दुसरी आपल्या दृष्टीने अधिक तातडीची आहे: रिचार्ज संपला की बहुतेक बॉक्स जुनी रेकॉर्डिंगही दाखवेनासे होतात. त्यामुळे प्रत हाती येऊन ती नीट तपासून होईपर्यंत डीटीएच बंद करू नका, मग त्यासाठी आणखी एका महिन्याचे पैसे भरावे लागले तरी चालेल.

आपल्यापुढे आता जो मार्ग उरतो, तो म्हणजे कार्यक्रम बॉक्सवर चालवायचा आणि बाहेर पडणारे चित्र व आवाज लॅपटॉपवर नव्याने टिपायचे. बॉक्सच्या मागे पिवळी, लाल आणि पांढरी अशी तीन पिनांची एव्ही जागा असते. काही नव्या बॉक्सवर त्याऐवजी हेडफोनच्या मापाचे एकच छिद्र असते आणि त्यातून तीन फाटे फुटणारी केबल मिळते. या केबलचे दुसरे टोक यूएसबी कॅप्चर नावाच्या लहानशा उपकरणाला जोडावे आणि ते उपकरण लॅपटॉपला लावावे. रेकॉर्डिंगसाठी ओबीएस हे मोफत सॉफ्टवेअर पुरेसे आहे. त्यात चित्राची प्रणाली पाल आणि वेग सेकंदाला २५ चौकटी असा ठेवावा. चित्र कृष्णधवल दिसले किंवा सारखे वर-खाली सरकू लागले, तर बहुधा प्रणाली एनटीएससी या अमेरिकेकडील पद्धतीवर राहिलेली असते. बॉक्सचा आवाज रिमोटने जवळजवळ पूर्ण वाढवावा आणि कमी-जास्त करायचा तो लॅपटॉपवर करावा, म्हणजे टाळ-मृदंगाच्या ठेक्याला आवाज फाटणार नाही. आधी एखाद-दोन मिनिटांची चाचणी घेऊन ती हेडफोन लावून ऐकावी, मग संपूर्ण कार्यक्रम सुरू करावा आणि तो संपेपर्यंत रिमोटला हात लावू नये, कारण वाहिनीची पट्टी एकदा पडद्यावर आली की ती प्रतीतही कायमची उमटते. अर्ध्या तासाच्या कार्यक्रमाला या पद्धतीने अर्धा तासच लागतो. चित्र मूळ रेकॉर्डिंगपेक्षा किंचित मऊ येते, पण मूळ प्रसारण साध्या दर्जाचे असेल तर हा फरक घरच्या पडद्यावर फारसा खुपत नाही.

एचडीएमआय केबलने हेच काम अधिक सुबक होईल असे वाटते, पण त्या मार्गावर एचडीसीपी नावाचे संरक्षण असते आणि कॅप्चर उपकरणावर काळा पडदा दिसतो. ते संरक्षण काढून टाकणारी उपकरणे बाजारात मिळतात. ती घेण्याचा सल्ला मी देणार नाही, आणि त्यामागे केवळ सावधगिरी नाही. आपल्याकडील १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात २०१२ साली कलम ६५अ घालण्यात आले. अधिकारभंगाच्या हेतूने अशी तांत्रिक संरक्षणे मोडल्यास त्यात दोन वर्षांपर्यंत कैद आणि दंडाची तरतूद आहे. एव्ही मार्गावरही एखादा बॉक्स प्रत-रोधक संकेत पाठवतो आणि मग चित्र आळीपाळीने उजळत व काळवंडत राहते. तसे झाल्यास तिथेच थांबावे.

आता ज्या मार्गाची मी मनापासून शिफारस करतो त्याकडे येतो. सह्याद्रीवरील कार्यक्रमांचे पुनःप्रसारण होत असते. त्या दिवशी आपल्याकडे डीडी फ्री डिशचा बॉक्स असेल, तर वरचा सगळा खटाटोप टळेल. प्रसार भारतीची ही सेवा डिसेंबर २००४ मध्ये डीडी डायरेक्ट प्लस या नावाने सुरू झाली. तिला मासिक शुल्क नाही, छत्री आणि बॉक्स यांचा एकदाच काय तो खर्च, आणि दूरदर्शनच्या वाहिन्या तिच्यावर खुल्या स्वरूपात येतात. आपण डीटीएच बंदच करणार असाल, तर जुनी छत्री बहुधा उपयोगी पडेल, ती ९३.५ अंश पूर्वेच्या जीसॅट-१५ उपग्रहाकडे फिरवून घ्यावी लागेल आणि एलएनबी, म्हणजे छत्रीच्या पुढे बसवलेला संकेत टिपणारा भाग, जुळतो का ते पाहावे लागेल. हे काम गावातील छत्री बसवणारा माणूस सहज करतो. बॉक्स घेताना एमपेग-४ या चित्र आटोपशीर करण्याच्या नव्या पद्धतीचा घ्यावा, तो एमपेग-२ या जुन्या पद्धतीच्या वाहिन्याही दाखवतो. पुढच्या किंवा मागच्या बाजूला यूएसबीची जागा आहे आणि मेनूमध्ये रेकॉर्डिंगची सोय आहे, एवढे दुकानातच चालवून पाहावे. खोक्यावरच्या मजकुरावर विसंबू नये. काही बॉक्सना यूएसबीची जागा असते, पण ती केवळ गाणी आणि फोटो पाहण्यापुरती.

अशा बॉक्समध्ये रेकॉर्ड झालेला कार्यक्रम ही खरोखर आपल्या हातातली फाइल असते. पेनड्राइव्ह लॅपटॉपला लावला की बॉक्सने तयार केलेला एक फोल्डर दिसतो, त्यात तारीख किंवा वाहिनीच्या नावाचा दुसरा फोल्डर आणि त्यात टीएस, एमटीएस किंवा डीव्हीआर असे शेपूट (नावाच्या शेवटी टिंबानंतर येणारी अक्षरे) असलेली फाइल. टीएस आणि एमटीएस या फाइली व्हीएलसी प्लेअरवर लगेच चालतात. डीव्हीआर असेल तर मूळ फाइल बाजूला ठेवून तिची एक नक्कल करावी आणि नकलेचे शेपूट बदलून टीएस करावे. अनेकदा एवढ्यानेच काम होते. सोबत काही अगदी लहान फाइली असतात, त्या बॉक्सच्या स्वतःच्या नोंदी होत. पुढे कधी तो कार्यक्रम त्याच बॉक्सवर पाहायचा असेल, तर त्या पुसू नयेत.

पेनड्राइव्हविषयी थोडे सविस्तर सांगतो, कारण रेकॉर्डिंग मध्येच तुटल्याच्या बऱ्याच तक्रारी तिथून येतात. तो फॅट३२ पद्धतीने फॉरमॅट केलेला असावा, कारण स्वस्त बॉक्सना बहुधा तीच पद्धत वाचता येते. ३२ जीबीपर्यंतचा पेनड्राइव्ह घेतला तर विंडोजच्या नेहमीच्या खिडकीतूनच तसे फॉरमॅट करता येते. या पद्धतीत एकच फाइल ४ जीबीपेक्षा मोठी होऊ शकत नाही, त्यामुळे दीर्घ कार्यक्रमाचे बॉक्स आपोआप तुकडे करतो. साध्या दर्जाची वाहिनी सेकंदाला साधारण ३ मेगाबिट या वेगाने येते असे धरले, तर तासाला सुमारे १.३५ जीबी जागा लागते आणि अर्ध्या तासाचा कार्यक्रम ७०० एमबीच्या आत बसतो, म्हणजे आपल्याला तुकड्यांची काळजी नाही. हा वेग पेनड्राइव्हच्या मानाने किरकोळ आहे, तरीही हलक्या प्रतीचे पेनड्राइव्ह लिहिता लिहिता क्षणभर अडकतात आणि नेमका तेवढा भाग गाळला जातो. मोठी हार्ड डिस्क लावण्याचा मोह टाळावा. यूएसबी २ च्या जागेतून ५०० मिलिअँपिअरच वीज मिळावी असा दंडक आहे आणि जास्त वीज मागणारी डिस्क मध्येच बंद पडते. रेकॉर्डिंग चालू असताना पेनड्राइव्ह उपसू नये. आधी रिमोटने रेकॉर्डिंग थांबवावे, पडद्यावरील लाल खूण गेल्याची खात्री करावी आणि मगच तो काढावा. टायमर लावून ठेवणार असाल, तर सुरुवातीला आणि शेवटी पाच-दहा मिनिटे जास्त ठेवावीत, कारण आपल्या वाहिन्या घड्याळाशी फारशा बांधलेल्या नसतात.

स्मार्ट टीव्हीलाच पेनड्राइव्ह लावून रेकॉर्ड करता येईल का, हा प्रश्न पुढे येईलच, म्हणून सांगून ठेवतो. ज्या टीव्हीत ती सोय आहे तो फक्त स्वतःच्या ट्यूनरवर आलेला कार्यक्रम रेकॉर्ड करतो, बॉक्सकडून एचडीएमआयने आलेला नाही, आणि ते रेकॉर्डिंगही बहुधा त्याच टीव्हीपुरते असते.

फाइल हाती आल्यावर तिचे लगेच रूपांतर करू नये. मूळ टीएस फाइल जशीच्या तशी दोन ठिकाणी ठेवावी आणि त्यातील एक जागा संगणकाची हार्ड डिस्क असावी. पेनड्राइव्ह ही ने-आण करण्याची वस्तू आहे, वर्षानुवर्षे कपाटात ठेवण्याची नव्हे. पुढची-मागची जाहिरात कापायची असेल तर लॉसलेसकट हे मोफत सॉफ्टवेअर चित्राला हात न लावता कापते. व्हॉट्सअॅपवर पाठवण्यासाठी मात्र एच.२६४ या मोबाइलवर सर्रास चालणाऱ्या चित्रपद्धतीत रूपांतर करावेच लागते, कारण एमपेग-२ चे चित्र बऱ्याच मोबाइलवर उघडत नाही. ते करताना डीइंटरलेस हा पर्याय चालू ठेवावा, नाहीतर चिपळ्या वाजवणाऱ्या हातांच्या कडांना कंगव्याच्या दातांसारख्या रेघा दिसतात. प्रसारणात एका चौकटीच्या सम आणि विषम रेषा वेगवेगळ्या क्षणी टिपलेल्या असल्याने असे होते. हँडब्रेक या रूपांतराच्या मोफत सॉफ्टवेअरमध्ये हा पर्याय आहे.

शेवटचा मुद्दा मंडळातील सर्वांना प्रत देण्याचा. त्याच कॉपीराइट कायद्याच्या कलम ३९ नुसार, रेकॉर्ड करणाऱ्याने स्वतःच्या खाजगी वापरासाठी केलेले प्रसारणाचे रेकॉर्डिंग हा प्रसारण संस्थेच्या हक्काचा भंग ठरत नाही. आपण घरी पाहण्यासाठी ठेवलेली प्रत त्यात बसते. तीच प्रत पंचवीस-तीस जणांना वाटणे किंवा मंडळाच्या नावाने यूट्यूबवर चढवणे त्यात बसत नाही, कारण प्रसारणावरील दूरदर्शनचा हक्क २५ वर्षे टिकतो आणि गाणारे आपलेच लोक असले तरी त्यामुळे तो बदलत नाही. म्हणून कोणतेही उपकरण विकत घेण्याआधी सह्याद्रीच्या अधिकृत यूट्यूब वाहिनीवर कार्यक्रमाचे नाव घालून शोध घ्यावा. तिथे तो असल्यास सर्वांना दुवा पाठवणे पुरेसे आहे आणि पेनड्राइव्हचा प्रश्नच उरत नाही. नसल्यास मंडळाच्या अध्यक्षांच्या सहीने वरळीच्या मुंबई दूरदर्शन केंद्राला पत्र लिहून प्रत आणि ती सदस्यांना देण्याची परवानगी, अशा दोन्ही गोष्टी मागाव्यात. पत्रात कार्यक्रमाचे नाव, प्रसारणाची तारीख व वेळ, मंडळाचे नाव आणि ध्वनिचित्रमुद्रण झाले तो दिवस लिहावा, आणि मंडळाने त्या वेळी सही केलेले करारपत्र कुणाच्या घरी सापडले तर त्याची झेरॉक्स जोडावी. पुनःप्रसारण केव्हा आहे हेही त्याच पत्रात विचारून घ्यावे.