चाचणी पॉझिटिव्ह आली म्हणजे मुलगा खोटं बोलतोय, असं धरू नका

ताई, तुमचं लिहिलेलं दोनदा वाचलं. सोळा वर्षांचा मुलगा, दप्तरात गांजाची पुडी सापडली, 'सोळा दिवस झाले, हात लावलेला नाही' असं तो शपथेवर सांगतोय, आणि घरी केलेली लघवीची चाचणी पॉझिटिव्ह. वर चिडचिड, रात्र रात्र जागरण, जेवणावरून उठून जाणं. आता तुम्ही विचारताय की तोंडावर खोटं बोलणाऱ्या मुलाचं करायचं काय.

मित्र कोण, पैसे कुठून येतात, हे तुम्ही बघितलंच असेल, त्यात मी शिरत नाही. माझा प्रश्न एकच. तो खोटं बोलतोय हे तुम्हाला कुणी सांगितलं? त्या पट्टीनंच ना?

मलाही पट्टीनंच सांगितलं होतं. माझा मुलगा तेव्हा सतरा वर्षांचा होता, दीड वर्ष जवळजवळ रोज ओढत होता. एके दिवशी आपणहून आईजवळ बोलला आणि बंद केलं म्हणाला. आम्ही घाबरून एका समुपदेशन केंद्रात गेलो. नाव लिहीत नाही. टेबलामागच्या माणसानं मुलाला भेटायचीही तसदी घेतली नाही. 'सगळे असंच म्हणतात. दर रविवारी चाचणी घ्या. पॉझिटिव्ह आली की समजा, ओढलाय.' दहा मिनिटांत आम्ही बाहेर, हातात पट्ट्यांचं पाकीट.

त्याचा एकोणिसावा दिवस होता. पट्टी बेसिनच्या कडेवर ठेवलेली, मी दारात उभा. या पट्टीचं गणित गरोदरपणाच्या चाचणीच्या उलटं असतं: दोन रेघा आल्या तर निगेटिव्ह, 'टी'समोरची रेघ उमटलीच नाही तर पॉझिटिव्ह. 'सी'ची रेघ आली. 'टी'ची जागा पांढरीच राहिली. तो माझ्यापेक्षा जास्त वेळ त्या पांढऱ्या जागेकडे बघत होता. 'बाबा, मी खरंच नाही ओढला.' मी म्हणालो, 'मग पट्टी खोटं बोलते का?' त्यानं पट्टी कचऱ्यात टाकली, हात धुतले आणि खोलीत गेला. त्या रात्री तो ओढून आला. पुढे अकरा महिने थांबला नाही.

खूप नंतर त्यानं मला सांगितलं, 'नाही ओढला तरी ओढलाच म्हणणार असाल, तर ओढून झोप तरी लागेल.'

पट्टी खोटं बोलत नव्हती, पण मी तिला भलताच प्रश्न विचारत होतो. गांजातला नशा देणारा घटक, टीएचसी, चरबीत विरघळतो. रोज ओढणाऱ्याच्या शरीरात तो साठत जातो आणि बंद केल्यावर हळूहळू बाहेर पडतो. पट्टी तर टीएचसी शोधतच नाही, शरीरानं त्याचं जे रूपांतर केलेलं असतं ते शोधते. एखाद्या वेळेस ओढणाऱ्याची चाचणी साधारण तीन-चार दिवसांत निगेटिव्ह येते. रोज ओढणाऱ्याची महिनाभर, कधी त्याहूनही जास्त दिवस पॉझिटिव्ह येत राहते. शेवटचं कधी ओढलं, हे ती सांगूच शकत नाही. इतकी साधी गोष्ट त्या केंद्रातल्या माणसाला ठाऊक नसावी, किंवा सांगावीशी वाटली नसावी. याचा राग माझ्या मनातून अजून गेलेला नाही.

दुसरी चूकही तिथलीच. त्याची चिडचिड, घामानं भिजलेली उशी, विचित्र स्वप्नं, भूक मेलेली, या सगळ्याला आम्ही 'अजून ओढतोय' याचा पुरावा धरलं. खरं तर ही सोडल्याची लक्षणं असतात. एक ते तीन दिवसांत सुरू होतात, पहिल्या आठवड्यात सगळ्यात जोरात असतात, बहुतेक दोन-तीन आठवड्यांत ओसरतात. झोप मात्र त्याहून जास्त दिवस छळते. 'गांजाची सवय लागत नाही, सोडताना काही होत नाही' हे आपण ऐकत आलो, पण अमेरिकेतल्या मानसोपचारतज्ज्ञांच्या निदानसूचीत २०१३ पासून हा त्रास रीतसर नोंदलेला आहे. तुम्ही लिहिलेली तिन्ही लक्षणं त्यात बसतात. म्हणजे तुमच्या मुलानं सोडलाच आहे असं मी ठामपणे म्हणत नाही, मी डॉक्टर नाही. पण तुमच्याकडचे दोन्ही पुरावे दोन्ही बाजूंनी वाचता येतात.

या चुकीची खरी किंमत पुढे मोजावी लागली. नंतर धोके सांगायला बसलो तर तो ऐकेना. ज्यानं पट्टी चुकीची वाचली, त्याच्या बाकीच्या माहितीवर त्यानं विश्वास का ठेवावा? शेवटी एक मानसोपचारतज्ज्ञ भेटल्या. त्यांनी मला बाहेर बसवलं आणि त्याच्याशी सरळ बोलल्या. मेंदूत गांजासारखंच काम करणारं एक द्रव्य मुळातच असतं. ते १९९२ मध्ये सापडलं आणि शोधणाऱ्यांनी संस्कृत 'आनंद'वरून त्याला आनंदमाइड नाव दिलं. मेंदूची बांधणी पंचविशीच्या आसपासपर्यंत चालू असते आणि हे द्रव्य त्या बांधणीतही काम करतं. तिथे रोज बाहेरून टीएचसी ओतलं की घडी बिघडायची भीती, म्हणून सोळाव्या वर्षीचं ओढणं आणि तिशीतलं ओढणं सारखं नाही. साधारण दर अकरा वापरणाऱ्यांत एकाला व्यसन लागतं असं धरलं जातं, किशोरवयात सुरू करणाऱ्यांत सहांत एकाला.

न्यूझीलंडमधल्या ड्युनेडिनचा अभ्यासही त्यांनी सांगितला. १९७२-७३ मध्ये जन्मलेल्या हजारभर मुलांचा तिथे मोठेपणापर्यंत माग ठेवला गेला. किशोरवयात सुरू करून पुढे वर्षानुवर्षं ओढत राहिलेल्यांचा बुद्ध्यांक आठ अंकांपर्यंत घसरलेला दिसला. आणि लगेच हेही सांगितलं, की याला एकटा गांजाच कारण की घरची परिस्थितीही, यावर संशोधकांत वाद आहे. मुलानं मला नंतर सांगितलं, की ती दुसरी बाजू सांगितली म्हणूनच त्यानं पहिली ऐकली. मी असतो तर ती नक्की लपवली असती.

माझं स्पष्ट मत: घरातल्या पट्ट्या फेकून द्या. कुणाला हे पटणार नाही, आणि डॉक्टरांच्या देखरेखीखाली, मुलाच्या संमतीनं, प्रयोगशाळेत आकडा मोजून आठवड्यागणिक तो उतरतोय का हे बघणं वेगळं, त्याला माझा विरोध नाही. पण आईबापांनी न्हाणीघराच्या दारात उभं राहून घेतलेली चाचणी ही झडती असते. आणि मुलाची माफी मागा. 'पट्टीवरून तुला खोटं ठरवलं, ते चुकलं' एवढं वाक्य पुरे. मला ते बोलायला अकरा महिने लागले.

झोपेसाठी घरातली मोठ्यांची झोपेची गोळी त्याला देऊ नका. आम्ही एकदा दिली होती, डॉक्टर भयंकर रागावल्या. गांजा सोडवायची खास अशी मान्यताप्राप्त गोळी नाही, कुणी बाटली विकायला आलं तर वाटेला लावा. उपयोग होतो तो बोलण्यावर चालणाऱ्या उपचारांचा, त्यातही घरचे सोबत बसतात त्यांचा. वारंवार उलट्या होत असतील आणि गरम पाण्यानं तासन् तास अंघोळ केल्यावरच बरं वाटत असेल तर डॉक्टरांना ओढण्याबद्दल सांगायला लाजू नका. बरीच वर्षं ओढणाऱ्यांत हे होतं आणि न सांगितल्यामुळे पोटाच्या तपासण्यांत महिने जातात.

एका गोष्टीत मात्र थांबू नका. कुणीतरी मागावर आहे, लोक माझ्याबद्दलच बोलतायत, नसलेले आवाज येतायत असं तो म्हणायला लागला, किंवा मरणाची भाषा केली, तर त्याच दिवशी मानसोपचारतज्ज्ञ किंवा जवळचं रुग्णालय गाठा. रोज कडक माल ओढणाऱ्यांत मनोविकाराचा झटका येण्याची शक्यता वाढते हे बऱ्याच अभ्यासांत दिसलंय, घरात कुणाला तसा आजार असेल तर जास्तच.

तसं काही नसेल तर डॉक्टरांकडे जाण्याआधी तीन गोष्टी त्याच्याच तोंडून, न भांडता, लिहून घ्या: शेवटची तारीख, आठवड्यातून किती वेळा, आणि तंबाखूत मिसळून ओढत होता का. तिसरं आम्ही विचारलंच नव्हतं. माझ्या मुलाची निम्मी तलफ निकोटीनची निघाली, त्याचा इलाज वेगळा होता.