वीस मिनिटं, एकविसावं नाही

धंतोली, नागपूर

पोरी,

दिवाळीपासून वही उघडली नाही, ॲपमध्ये उजळणीची ६४० शब्दकार्डं साचलीत, आणि आता विचारतेस की जपानी सोडून जर्मन घेऊ का. नको घेऊस. जर्मनमध्ये वाईट काही नाही, लिंगं तर मराठीसारखी तीनच आहेत. पण तुझा घोटाळा भाषेचा नाही. जुलैत रोज दोन-दोन तास बसून नऊ दिवसांत हिरागाना या जपानी लिपीची ४६ अक्षरं घोटलीस ना, तो तिथेच झाला. जर्मनमध्येही सहावा धडा येतोच. माझ्या कपाटात तीन भाषांची पुस्तकं आहेत आणि तिन्हींची पानं सहाव्या धड्यापर्यंतच मळलेली आहेत. त्यामुळे या एका बाबतीत मी हट्टी आहे.

रोज वीस मिनिटं. एकविसावं नाही.

सगळे सांगतात की निदान इतका वेळ तरी बस. मी सांगतोय, याहून जास्त बसू नकोस. गजर झाला की वाक्य अर्धं असलं तरी पेन खाली ठेवायचं. आज रंगात येऊन दीड तास बसलीस की उद्या मन त्या दीड तासाचाच हिशेब मागतं. तेवढा वेळ नसतो, म्हणून मग वीस मिनिटंही होत नाहीत. अर्धं राहिलेलं वाक्य मात्र दुसऱ्या दिवशी आपणहून बोलावतं.

कार्डांचं गणितही तेच सांगतं. अंकी ॲपमध्ये रोजची नवी कार्डं मुळात २० वर लावलेली असतात आणि तू ती तशीच ठेवलीस. दोन-तीन आठवड्यांत रोजची उजळणी नव्या कार्डांच्या साधारण सात ते दहा पट होते. म्हणजे दीडशे-दोनशे कार्डं. एका कार्डाला आठ सेकंद धर, नुसत्या उजळणीतच वीस ते सत्तावीस मिनिटं गेली. ऐकणं नाही, लिहिणं नाही. चार दिवस लग्नाला गेलीस की डोंगर. हे आळसामुळे झालं असं तू लिहिलंस, ते मला पटत नाही. सेटिंगमुळे झालं. नवी कार्डं पाचवर आण. उजळणी पस्तीस ते पन्नास, वेळ पाच ते सात मिनिटं. वर्षाला शब्द होतात १८२५.

राहिलेली तेरा मिनिटं अशी घाल. आठ मिनिटं ऐकणं, पण नवं काही नाही. तीस-चाळीस सेकंदांचा एकच संवाद आठवडाभर. आधी नुसता ऐक, मग थांबवत थांबवत मागोमाग म्हण, शनिवारपर्यंत त्याच्या बरोबरीने म्हणता आला पाहिजे. शेवटची पाच मिनिटं हाताने तीन वाक्यं लिही. तीनच. काल काय खाल्लं, आज कुठे जायचंय, असली साधी. आणि उठण्याआधी उद्याची तारीख टाकून पान उघडं ठेव.

वेळ सकाळची, पहिल्या चहाबरोबर, फोनवरचे मेसेज बघण्याआधी. मिहानला जाताना मेट्रोत करीन म्हणतेस. मेट्रोत ऐक हवं तर, पण ते या वीस मिनिटांत धरू नकोस. जागा मिळाली तर अभ्यास आणि नाही मिळाली तर नाही, असं जिथे असतं तिथे सवय लागत नाही. शिवाय आपला उन्हाळा. एप्रिल-मेमध्ये कूलर सुरू झाला की त्या घरघरीत जपानीतला आखूड-लांब स्वर कानाला कळत नाही. पावणेसहाला उठलीस तर कूलर अर्धा तास बंद ठेवता येतो. नाहीच ठेवता आला तर इअरफोन लाव, स्पीकरवर ऐकू नकोस.

आता ज्यासाठी मुळात जपानी सोडू नको म्हणतो ते. अमेरिकी परराष्ट्र खात्याच्या भाषाशाळेत जपानीला २२०० तास धरतात. तो आकडा इंग्रजी मातृभाषा असणाऱ्यांचा आहे, तो वाचून तू काहून घाबरतेस? त्यांना क्रियापद शेवटी न्यायला शिकावं लागतं, तुझं जन्मापासून तिथेच आहे. त्यांना ‘कारा’ (पासून) आणि ‘मादे’ (पर्यंत) नामाच्या मागे लावताना अडखळायला होतं. तू ‘अजनीपासून बर्डीपर्यंत’ म्हणतेसच. त्याहून मोठी गंमत क्रियापदाच्या ‘ते’ रूपात आहे. ‘ताबेते’ म्हणजे ‘खाऊन’. ‘ताबेते मिरु’, खाऊन बघणे. मिरु म्हणजे खरोखर बघणेच. ‘ओकु’ म्हणजे ठेवणे, म्हणून ‘शिते ओकु’, करून ठेवणे. ‘ताबेते शिमाउ’, खाऊन टाकणे, त्यातल्या हळहळीसकट. आणि ‘ताबेते इरु’? इरु म्हणजे असणे, राहणे. ‘खाऊन राहिला’! पुण्याचे लोक आपल्या ‘काय करून राहिली’ला हसतात, हसू दे. जपानीतला चालू काळ तुला नागपूरने फुकट दिलाय. वर्गात हा धडा इंग्रजीतून समजावतात, म्हणून तो अवघड वाटतो. तुझ्या वहीत प्रत्येक ‘ते’ रूपासमोर मराठी लिही, इंग्रजी नको.

उच्चारांचंही तसंच. ‘त्सु’ म्हणताना अनेकांची जीभ वळत नाही. आपण ‘चूल’ आणि ‘चूक’मधला च रोज म्हणतो, तो जवळपास तोच आहे. काना, म्हणजे हिरागानासारख्या जपानी लिप्यांच्या अक्षरांचा अ-इ-उ-ए-ओ, मग क-स-त-न-ह-म हा क्रमही संस्कृत वर्णमालेच्या वळणाने ठरलेला आहे, पाठ करायला तुला वेळ लागला नाही तो त्यामुळेच.

पण जपानी देवनागरीत लिहून ठेवायची सवय आजच मोड. इथे मी नाइलाजाने लिहितोय, तू लिहू नकोस. ऱ्हस्व-दीर्घ इ-उ आपण दाखवू शकतो, ओ आणि ए दाखवू शकत नाही. ‘कोको’ म्हणजे इथे, आणि दोन्ही ओ लांबवले की उच्च माध्यमिक शाळा. देवनागरीत दोन्ही ‘कोको’च. ‘ओबासान’मधल्या ‘बा’चंही तेच, आखूड म्हटला तर मावशी, लांब म्हटला तर आजी. तुझ्या वहीची पहिली चाळीस पानं अशी आहेत; फाडू नकोस, पण त्यांवरून पुन्हा पाठही करू नकोस.

तू म्हणशील, एवढ्याशा वेळात जपानीची जेएलपीटी परीक्षा कशी होणार? हिशेब सांगतो. २०१० पूर्वीच्या जुन्या पद्धतीत सगळ्यात खालच्या पातळीला सुमारे ८०० शब्द, १०० कांजी (चिनी लिपीतून आलेली अक्षरं) आणि १५० तास अभ्यास धरत. आजची सगळ्यात खालची पातळी, एन-५, त्याच्या आसपासच आहे. रोज वीस मिनिटं म्हणजे वर्षाला १२१ तास, म्हणून १५० तासांना सव्वा वर्ष. डिसेंबरच्या पहिल्या रविवारची परीक्षा हुकेल. मग जुलैचा पहिला रविवार आहेच. १८० पैकी ८० गुण लागतात, पण ऐकण्यात ६० पैकी १९ स्वतंत्र मिळवावे लागतात. लिपी घोटून आलेले इथेच पडतात, म्हणून ती आठ मिनिटं.

ही माझी पळवाट वाटत असेल तर वाटू दे. दोन तासवाल्यांचं काय होतं ते माझं कपाट सांगतं. सलग शंभर दिवस झाले की पाच मिनिटं वाढव, त्याआधी एकही नाही. शंभर दिवस भिंतीवरच्या कॅलेंडरवर मोज, ॲपच्या आकड्यांवर नको; ॲपमध्ये एक कार्ड दाबलं तरी दिवस भरतो. दिवस चुकला तर दुसऱ्या दिवशी चाळीस मिनिटं बसायचं नाही. बुडाला तो बुडाला, काट मारायची नाही आणि पुढे जायचं. लग्नात, गणपतीत, तान्ह्या पोळ्याला घरभर पाहुणे असताना नुसती कार्डं कर. सात मिनिटं चालतील. एकवीस चालणार नाहीत.

बाकी दोन ॲप काढून टाक. आज रात्री नवी कार्डं शून्यावर आण आणि उजळणीची मर्यादा रोज साठ. नवं काही येत नसल्याने ती ६४० कार्डं काही आठवड्यांत उतरतील. उतरली की नवी पाच सुरू कर. उद्या पावणेसहाला चहा ठेव, गजर सहा वाजून पाच मिनिटांचा लाव, आणि वाजला की वाक्य तिथेच सोडून ऊठ.