डबल-क्लिक केल्यावर पान उघडते, पण बसमार्गांची यादी का येत नाही?

आपण लिहिले आहे की, ठाणे स्थानकाबाहेरून सुटणाऱ्या बसगाड्यांची माहिती देणारे एक छोटे संकेतस्थळ आपण लॅपटॉपवर तयार करत आहात. ‘इंडेक्स’ फाइलवर डबल-क्लिक केल्यावर शीर्षक आणि रंग दिसतात, परंतु जेसन (माहिती साध्या मजकुरात साठवण्याचे स्वरूप) फाइलमधील मार्गांची यादी येत नाही, आणि तेच फोल्डर होस्टिंगवर (संकेतस्थळ इंटरनेटवर ठेवणाऱ्या सेवेवर) चढवले की सर्व सुरळीत चालते. दोष कोडमध्ये आहे का, आणि घरी एखादा मोठा सर्व्हर बसवावा लागेल का, असे आपण विचारता. दोन्हींचे उत्तर ‘नाही’ असे आहे.

डबल-क्लिक केल्यावर ॲड्रेस बारमधील पत्ता ‘एचटीटीपी’ने सुरू न होता ‘फाइल’ने सुरू होतो, आणि सगळा फरक तिथेच पडतो. एखाद्या पानातील स्क्रिप्टला दुसरी फाइल वाचू द्यायची की नाही, हे ब्राउझर त्या पानाच्या ओरिजिनवरून, म्हणजे प्रोटोकॉल (‘एचटीटीपी’सारखी पत्त्याची सुरुवात), होस्ट (यंत्राचे नाव) आणि पोर्ट (त्या यंत्रावरील सेवेचा क्रमांक) या तिघांवरून ठरवतो. डिस्कवरून थेट उघडलेल्या पानाला होस्ट नसतो आणि पोर्टही नसतो. त्यामुळे त्याच फोल्डरमधील जेसन फाइलसुद्धा त्याला परकी ठरते आणि कन्सोलमध्ये (ब्राउझरच्या डेव्हलपर टूल्समधील संदेशांच्या विभागात) ‘कॉर्स’चा, म्हणजे दुसऱ्या ओरिजिनची फाइल वाचण्याच्या नियमांचा, उल्लेख असलेली तांबडी ओळ उमटते. जावास्क्रिप्ट मॉड्यूल, म्हणजे वेगळ्या फाइलमधून आणलेले कोडचे भागही, याच कारणाने अडतात. फायरफॉक्स पूर्वी त्याच फोल्डरमधील फाइल वाचू देत असे. २०१९ मध्ये ६८व्या आवृत्तीपासून ती सवलत बंद झाली, म्हणून त्याआधीच्या ट्यूटोरियलमधील उदाहरणे आज तशीच्या तशी चालत नाहीत. क्रोमला हे बंधन सोडायला लावणारा एक पर्याय आहे आणि तो सुचवणारे पुष्कळ भेटतील, परंतु तो वापरू नये असे माझे स्पष्ट मत आहे, कारण ईमेलमधून आलेले एखादे पान उघडताच त्याने आपल्या डिस्कवरील कागदपत्रे वाचू नयेत यासाठीच हे बंधन आहे.

यावर उपाय अगदी छोटा आहे: पान लॅपटॉपवरच एका छोट्या सर्व्हरमार्फत उघडावे, म्हणजे त्याला होस्ट आणि पोर्ट मिळतात. पायथन बसवलेले असेल तर टर्मिनलमध्ये प्रकल्पाच्या फोल्डरमध्ये जाऊन त्यातील ‘एचटीटीपी डॉट सर्व्हर’ हे मॉड्यूल सुरू करावे आणि ब्राउझरमध्ये लोकलहोस्टचा, म्हणजे याच लॅपटॉपचा, ८००० क्रमांकाचा पोर्ट उघडावा. मात्र हे मॉड्यूल मुळात मशीनच्या सर्व नेटवर्क पत्त्यांवर ऐकत असते. महापे येथे माझ्या कामाच्या ठिकाणी नवीन आलेल्या मुलामुलींना मी हे आवर्जून दाखवतो: सामायिक वाय-फायवर शेजारच्या टेबलावरील कोणीही आपला आयपी पत्ता टाकून ते फोल्डर चाळू शकतो, आणि इंडेक्स फाइल नसलेल्या उपफोल्डरची तर संपूर्ण यादीच त्याच्यासमोर येते. म्हणून ‘बाइंड’ या पर्यायापुढे १२७.०.०.१ हा पत्ता द्यावा, म्हणजे सर्व्हर फक्त त्याच लॅपटॉपला उत्तर देईल, आणि होम फोल्डरमधून सर्व्हर कधीही सुरू करू नये. हे साधन फक्त विकासापुरते आहे. प्रत्यक्ष संकेतस्थळासाठी ते वापरू नये, असे पायथनच्या अधिकृत दस्तऐवजातही स्पष्ट म्हटले आहे.

आपला मजकूर मराठी असल्यामुळे आणखी एक गोष्ट पाहावी लागेल. हा सर्व्हर एचटीएमएल फाइल पाठवताना ती कोणत्या एन्कोडिंगमध्ये (अक्षरे बाइट्समध्ये साठवण्याच्या पद्धतीत) आहे ते सांगत नाही. आपल्या होस्टिंगचा सर्व्हर कदाचित ते सांगत असेल, आणि मग ‘मेटा’ टॅग विसरला तरी तिथे ‘कोपरी’ आणि ‘माजिवडा’ नीट दिसतील, पण लॅपटॉपवर त्याच अक्षरांचा चुराडा झालेला दिसू शकेल. यूटीएफ-८ हे एन्कोडिंग सांगणारा ‘मेटा’ टॅग हेड विभागात अगदी सुरुवातीला लिहावा. तो फाइलच्या पहिल्या १०२४ बाइट्समध्ये असावा लागतो.

फाइल बदलूनही जुनीच यादी दिसत राहिली तर कॅशेकडे, म्हणजे ब्राउझरने जपून ठेवलेल्या जुन्या प्रतींकडे, पाहावे. किती वेळ जपून ठेवायचे हे हा सर्व्हर ब्राउझरला सांगत नाही, त्यामुळे ब्राउझर स्वतःच अंदाज बांधतो. डेव्हलपर टूल्सच्या नेटवर्क विभागात कॅशे बंद करण्याची खूण आहे. ती टूल्स उघडी असेपर्यंतच लागू राहते.

‘माझ्या जवळचा थांबा’ हे बटण आपण फोनवर तपासणार आहात, असेही आपण लिहिले आहे. फोनमध्ये लॅपटॉपचा आयपी पत्ता टाकून पान उघडले तरी ते बटण चालणार नाही, कारण स्थान विचारण्याची परवानगी ब्राउझर फक्त सुरक्षित पानांना देतो. लोकलहोस्ट त्यात धरला जातो, घरच्या वाय-फायवरील साधा एचटीटीपी पत्ता धरला जात नाही. अँड्रॉइड फोन असल्यास त्यात यूएसबी डीबगिंग चालू करून तो केबलने जोडावा आणि लॅपटॉपवरील क्रोमच्या ‘इन्स्पेक्ट’ पानावर पोर्ट फॉरवर्डिंगमध्ये ८००० हा पोर्ट लोकलहोस्टच्या ८००० पोर्टकडे वळवावा. मग फोनवरही लोकलहोस्ट हाच पत्ता चालतो, बटण दाबल्यावर परवानगीची चौकट येते आणि वर दिलेले १२७.०.०.१ चे बंधन सैल करावे लागत नाही.