वाचकांचे प्रश्न : रुग्णालयासाठी व्हीआर-एआर उपकरणे पारखताना

प्रश्न : आमच्या ग्रामीण रुग्णालयाला जळीत रुग्णांच्या ड्रेसिंगच्या वेळी वापरायला दोन व्हीआर हेडसेट (डोळ्यांवर लावून आभासी दृश्य दाखवणारे, वेदनेवरून लक्ष हटवणारे यंत्र) देणगीत मिळत आहेत. नागपुरात पाहिलेले प्रात्यक्षिक चांगले झाले. हो म्हणण्याआधी काय तपासावे?
— अधिपरिचारिका, धारणी तालुका

उत्तर : एसी खोलीतल्या प्रात्यक्षिकावर निर्णय घेऊ नका. एक संच पंधरा दिवस वापरायला मागा आणि तो तुमच्याच ड्रेसिंग रूममध्ये चालवा, शक्यतो एप्रिल-मेमध्ये. घरगुती वापराच्या बऱ्याच हेडसेटची तापमानमर्यादा ३५ अंशांची असते. आपल्याकडे मे महिन्यात कूलर असूनही खोली त्यापलीकडे जाते. यंत्र तापले की प्रोसेसर स्वतःचा वेग कमी करतो आणि चित्र मानेच्या हालचालीमागे रेंगाळू लागते. हा उशीर २० मिलिसेकंदांच्या आसपास किंवा त्याहून कमी असावा लागतो. तो वाढला की मळमळ सुरू होते, म्हणजे यंत्राचा त्रास रुग्णाच्या अंगावर येतो. म्हणून हेडसेट सलग ४५ मिनिटे चालवा. दर दहा मिनिटांनी मान झटकन डावीकडे-उजवीकडे वळवून चित्र अडखळते का ते बघा आणि बॅटरीचे टक्के लिहून ठेवा. गरम यंत्र लगेच चार्जिंगला लावू नका. खिडकीतले ऊन भिंगांवर पडू देऊ नका, आतला पडदा कायमचा जळतो.

प्रात्यक्षिक खुर्चीवर बसून पाहिले असेल, पण ड्रेसिंगचा रुग्ण आडवा असतो. आडव्या माणसाला छताकडे बघताना दृश्य नीट समोर येते का, ते स्वतः झोपून पाहा. कोऱ्या पांढऱ्या भिंती आणि अंधूक उजेड असला की हेडसेटच्या कॅमेऱ्यांना जागा ओळखता येत नाही, दृश्य सरकते. त्यावर साधा उपाय म्हणजे भिंतीवर दोन-तीन आरोग्यपत्रके चिकटवणे.

चेहरा, डोक्याची त्वचा किंवा मान भाजली असेल तर हेडसेट लावायचाच नाही. मिरगी, डोक्याला मार, चक्कर येण्याचा जुना आजार, पेसमेकर यांबद्दल आधी विचारा. काही संचांत चुंबक असतात, ते पेसमेकरला बाधू शकतात. चेहऱ्याला टेकणारा फोम घाम शोषतो आणि स्वच्छ होत नाही, तेव्हा सिलिकॉनचे आवरण मागा. ते ७० टक्के अल्कोहोलने प्रत्येक रुग्णानंतर पुसा. भिंगांना मात्र अल्कोहोल लावू नका, लेप निघतो. कोरडे मायक्रोफायबर कापड पुरे.

उपयोग होतो का, हेही मोजा. एकाच रुग्णाचे एक ड्रेसिंग हेडसेटसह, पुढचे त्याच्याशिवाय करा, आणि दोन्ही वेळा वेदनेचा ० ते १० आकडा विचारा. वेदनाशामकाचा डोस दोन्ही वेळा तोच हवा. हेडसेट आहे म्हणून औषध कमी करणे आम्हाला मुळीच मान्य नाही. मळमळ, डोकेदुखी, डोळ्यांवरचा ताण हेडसेट लावण्याआधी आणि काढल्यावर, दोन्ही वेळा विचारा. नाहीतर औषधाने आलेली मळमळ यंत्राच्या माथी जाते.

प्रश्न : सीटी स्कॅनमधले हाड रुग्णाच्या अंगावरच दाखवणारा एआर चष्मा (समोरच्या खऱ्या दृश्यावर संगणकी आकृती दाखवणारा) घेण्याचा विचार आहे. अचूकता कशी तपासू?
— अस्थिरोगतज्ज्ञ, वणी

उत्तर : प्लायवूडच्या तुकड्यावर आलेख कागद चिकटवा, ५० मिलिमीटर अंतराने पाच फुल्या काढा आणि त्याच मापाची आकृती चष्म्यात घाला. आकृती आणि कागद यांची जुळवणी झाल्यावर समोरून, डावीकडून आणि उजवीकडून बघत, आकृतीतली फुली जिथे दिसते तिथे पेन्सिलने टिंब द्या. चष्मा काढून पुन्हा घाला, पंधरा मिनिटांनी सगळे परत करा आणि अंतरे मोजा. सरासरीवर जाऊ नका, सर्वांत मोठी चूक धरा. समोरून बरोबर दिसणारी आकृती बाजूने सरकली तर तिची खोली, म्हणजे डोळ्यापासूनचे अंतर, चुकलेली आहे. चीर कुठे घ्यावी याच्या अंदाजाला काही मिलिमीटर चालतील, मणक्यातला स्क्रू त्या भरवशावर टाकता येत नाही.

दुसरी अडचण डोळ्यांची. होलोलेन्स २ या मायक्रोसॉफ्टच्या एआर चष्म्यात प्रतिमेचा फोकस सुमारे २ मीटरवर पक्का असतो, आणि तुमचे हात असतात अर्ध्या मीटरवर. हाड आणि आकृती दोन्ही एकाच वेळी स्पष्ट दिसत नाहीत, डोळे थकतात. शिवाय या चष्म्याचे उत्पादन २०२४ मध्ये थांबले आहे. जुना संच स्वस्तात मिळत असेल तर सॉफ्टवेअर आणि सुटे भाग किती वर्षे मिळतील, ते आधी लेखी घ्या.

प्रश्न : व्हीआर हेडसेटचा विक्रेता म्हणतो, ‘हे फक्त मन रमवण्याचे साधन आहे, परवाना लागत नाही.’ खरे का?
— वैद्यकीय अधिकारी, गडचिरोली जिल्हा

उत्तर : दावा काय आहे त्यावर ते ठरते. परिचारिकांच्या सरावासाठी वापरलेला हेडसेट वैद्यकीय उपकरण ठरत नाही. त्याच हेडसेटवर ‘वेदना कमी करतो’ असा दावा करून सॉफ्टवेअर विकले तर ते वैद्यकीय उपकरण ठरते. वैद्यकीय उपकरण नियम २०१७ चे आहेत, आणि १ एप्रिल २०२० पासून उपकरणाच्या व्याख्येत सॉफ्टवेअरही येते. माहितीपत्रकात उपचाराचा दावा आणि तोंडी ‘मन रमवणे’ असे असेल तर खरेदी थांबवा.

अमेरिकेच्या एफडीएची (औषधे व वैद्यकीय उपकरणांना मान्यता देणाऱ्या सरकारी संस्थेची) मान्यता दाखवली तर ती कशासाठी आहे ते वाचा. नोव्हेंबर २०२१ मध्ये मान्यता मिळालेली एक व्हीआर प्रणाली प्रौढांच्या जुनाट कंबरदुखीसाठी, इतर उपचारांच्या जोडीने आठ आठवडे घरी वापरायची आहे. जळीत रुग्णाला किंवा लहान मुलाला ती मान्यता लागू होत नाही आणि भारतातला परवानाही त्यातून मिळत नाही. परवाना क्रमांक आणि ‘कोणत्या रुग्णासाठी, कशासाठी’ हे कंपनीच्या लेटरहेडवर मागा.