वाफ देऊन घरी पाठवू नकोस

प्रिय डॉक्टर,

सस्नेह आशीर्वाद.

तुझ्या पत्रातला एक प्रश्न मला खटकला. नंदुरबारच्या डोंगरातल्या धडगावकडच्या पाड्यांवरून तेच ते दमेकरी मध्यरात्री येतात, वाफ घेतात, बरे वाटले की जातात आणि पुन्हा येतात. हा तातडीच्या सेवेचा गैरवापर नव्हे का, असे तू विचारतोस. नव्हे. झोळीतून डोंगर उतरून, पुढे १०८ मिळाली तर तिच्यातून येणारा माणूस हौसेने येत नाही. तुझा शीण मला कळतो, पण राग चुकीच्या माणसावर निघतो आहे. कॅनडातल्या अल्बर्टात फर्स्ट नेशन्स या मूळनिवासी समाजाचे सीओपीडीचे, म्हणजे श्वासनलिका कायमच्या अरुंद होण्याच्या आजाराचे, रुग्णही इतरांपेक्षा जास्त वेळा तातडीच्या विभागात येतात. त्यांनाही आपण बेपर्वा म्हणायचे का?

एखाद्या बाईचे जुने केसपेपर काढून बघ. ‘दम लागतो, ३ दिवस’, मग डेरिफायलिनचे इंजेक्शन, नेब्युलायझर, सॅल्ब्युटामॉलच्या गोळ्या, घरी. पुढच्या भेटीत तेच, फक्त अक्षर दुसऱ्या डॉक्टरचे. तिने आयुष्यात बिडी ओढलेली नसते, पण धुराला वाट नसलेल्या घरात ती लहानपणापासून चुलीपुढे बसलेली असते. त्या चुलीबद्दल किंवा पूर्वी झालेल्या टीबीबद्दल कागदावर अवाक्षर नसते. २०१६ च्या अंदाजानुसार सीओपीडी हे भारतातल्या मृत्यूंचे दुसऱ्या क्रमांकाचे कारण होते, आणि आपण त्याची बोळवण एका वाफेवर करतो. म्हणून सांगतो, वाफ देऊन घरी पाठवू नकोस.

रक्तातला ऑक्सिजन ८८ ते ९२ टक्क्यांच्या दरम्यान ठेवणे तुला येते, ते मी शिकवणार नाही. मला काळजी त्यानंतरच्या अर्ध्या तासाची आहे. धाप उतरली की तिला औषध तुझ्यासमोर घ्यायला लाव. मी असे सांगायचो तेव्हा कितीतरी जणी रोटाकॅपची, म्हणजे यंत्रात घालून श्वासावाटे ओढायच्या पुडीची, कॅप्सूल पाण्याबरोबर गिळून दाखवत, आणि त्यात त्यांचे काय चुकले? कॅप्सूल गिळायची असते हे आपणच त्यांना शिकवलेले. पंप असेल आणि त्याला जोडायची पोकळ नळी, म्हणजे स्पेसर, नसेल, तर अर्ध्या लिटरच्या पाण्याच्या बाटलीच्या बुडाला पंपाचे तोंड घट्ट बसेल एवढे भोक पाड. बाटलीचे तोंड तिच्या तोंडात. सोबत तिची पावरी बोली बोलणारी आशाताई असू दे, नाहीतर तुझ्या बोलण्यावर ती नुसती मान हलवील.

आणि औषधे किती दिवसांची देतोस? दिवाळीनंतर ही कुटुंबे ऊसतोडीला गुजरातेत जातात, तेव्हा आठवड्याच्या पुडीने काय होणार? मी हंगामभराची औषधे देत असे, आणि दम वाढला तर घ्यायच्या प्रेडनिसोलोन या स्टेरॉइडच्या ५ दिवसांच्या गोळ्या वेगळ्या बांधून देत असे. साठा संपवतो म्हणून माझ्यावर शेरे आले. स्टेरॉइड घरी देणे धोक्याचे, हा आक्षेपही मी ऐकला आणि तो खोटा नव्हता. म्हणूनच जिची सून ऐकलेले सगळे मला परत समजावून सांगू शके, तिलाच मी ती पुडी देई. लोक याला हेका म्हणत. म्हणोत. पुडी दिली नसती तर त्या बायका ऊसतोडीच्या खोपटात रात्रभर धापा टाकत बसल्या असत्या, आणि मी आजही तेच करीन.

सल आहे ती स्पायरोमीटरची, फुंकर मारून फुप्फुसाची ताकद मोजणाऱ्या यंत्राची. बदली होईपर्यंत मी मागणीपत्रे लिहीत राहिलो, यंत्र आले नाही, आणि दमा, सीओपीडी, टीबीनंतर खराब झालेले फुप्फुस हे सारे एकाच नावाखाली जात राहिले. तू मागणी थांबवू नकोस.

गॅस आला तरी सिलिंडर भरायला पैसे नसतात, हे मला माहीत आहे. रस्ते तुझ्या हातात नाहीत, हेही. पण तिच्या केसपेपरवर पुढच्या बाजाराच्या दिवशीची तारीख आणि तिच्या पाड्यावरच्या आशाताईचे नाव लिहिणे तुझ्या हातात आहे, आणि ते लिहिल्याशिवाय तिला वाफ देऊन घरी पाठवू नकोस. आज रात्री जी येईल तिच्यापासून सुरुवात कर, आणि तिने पंप कसा ओढला ते मला कळव.

तुझा,
सर