एच-४ वर (नवऱ्याच्या नोकरीच्या व्हिसावर मिळणारा डिपेंडंट व्हिसा) कॅलिफोर्नियात आहे, बी.एस्सी. झूलॉजी झालंय. कम्युनिटी कॉलेजमधून प्रोग्रामिंगची डिग्री करणं परवडतं का? नवरा म्हणतो बूटकॅम्प, म्हणजे काही आठवड्यांचा खासगी कोडिंग कोर्स, कर.

परवडतं. तुमच्या प्रश्नातलं शेवटचं वाक्य वाचलं म्हणून लिहायला बसले, कारण हेच वाक्य मी आमच्या घरात दोन वर्षं ऐकलंय.

मी सांगलीची, बी.कॉम., लग्नाआधी चार वर्षं एका पतसंस्थेत होते. २०१३ च्या डिसेंबरमध्ये इकडे आले. कॅलिफोर्नियात एक वर्ष एक दिवस राहिल्याशिवाय रेसिडेंटची, म्हणजे राज्यातल्या रहिवाशांची, कमी फी लागू होत नाही आणि बाहेरच्यांची फी कित्येक पट असते, म्हणून ते वर्ष नुसतं थांबले. २०१५ च्या जानेवारीत सी++ या प्रोग्रामिंग भाषेचा कोर्स घेतला. रेसिडेंटला युनिटला ४६ डॉलर, म्हणजे चार युनिटांच्या कोर्सला १८४. साठ युनिटांची अख्खी असोसिएट, म्हणजे दोन वर्षांची, डिग्री २,७६० डॉलरमध्ये बसते, वर पुस्तकं, पार्किंग आणि किरकोळ फिया.

पहिला कोर्स छान गेला. दुसऱ्या सेमिस्टरला डेटा स्ट्रक्चर्स घेतला आणि तिथे अडकले. पॉइंटर, म्हणजे मेमरीतला पत्ता धरून ठेवणारा व्हेरिएबल, मला कळतच नव्हता. संध्याकाळी साडेसहाचा क्लास, घरी येऊन पोळ्या, मग रात्री एक वाजेपर्यंत तीच लिंक्ड लिस्ट (पत्त्यांनी एकमेकांना जोडलेल्या नोंदींची यादी) आणि दर वेळी सेगमेंटेशन फॉल्ट, म्हणजे चुकीच्या पत्त्यावर गेल्याने प्रोग्राम बंद. नोव्हेंबरमध्ये कोर्स सोडला, ट्रान्सक्रिप्टवर डब्ल्यू (विथड्रॉ) आला, पैसे गेले. नवऱ्याने त्याच आठवड्यात बूटकॅम्पचा फॉर्म भरून ठेवला होता, पंधरा हजार डॉलर, बारा आठवडे, त्याच्या ऑफिसातल्या कुणाच्यातरी बायकोला म्हणे तिथून नोकरी लागली. मोठे दीर फोनवर म्हणाले, अमेरिकेत जाऊन ज्युनियर कॉलेज कशाला, एवढ्यात इथे एमसीए झालं असतं.

मी फॉर्म पाठवू दिला नाही. जानेवारीत तोच कोर्स परत घेतला आणि १८४ डॉलर माझ्या सांगलीच्या खात्यातून मागवले. तेव्हाच्या भावाने बारा हजार रुपये, माझा पतसंस्थेतला सव्वा महिन्याचा पगार. कुणाला विचारावं लागलं नाही. इंडियन ग्रोसरीवाल्याने दिलेल्या कॅलेंडरची जुनी पानं उलटी करून त्यावर पेन्सिलने चौकोन काढायचे, प्रत्येक चौकोनात पत्ता लिहायचा, कोडची एक ओळ पुढे गेली की एक बाण खोडायचा, दुसरा काढायचा. फेब्रुवारी ते एप्रिल अशी सगळी पानं संपली. नोड (यादीतला एक चौकोन) डिलीट करताना आधी पुढचा पत्ता बाजूला ठेवावा लागतो, नाहीतर उरलेली सगळी यादी हातातून जाते, हे मला त्या मार्चच्या पानावर कळलं आणि मग पुढचं सगळं सुटत गेलं. बी ग्रेड मिळाला.

माझं म्हणणं एवढंच आहे की या कॉलेजची फी कमी आहे म्हणजे तिथे एकदा अडकून परत उभं राहता येतं. पंधरा हजार भरल्यावर ती सोय बहुधा नसते, पॉइंटर कळो न कळो बारा आठवड्यांत गाडी पुढे जाते.

आता नोकरीचं. नुसत्या असोसिएट डिग्रीकडे बघून मला कुणी बोलावलं नाही, हे स्पष्ट सांगते. ईएडी, म्हणजे काम करायचा परवाना, आल्यावर डेटा स्ट्रक्चर्सच्याच प्रोफेसरांनी मला लॅबमध्ये ट्यूटर म्हणून घेतलं, तासाला १३ डॉलर. पुढे २०१८ मध्ये क्यूएचा (सॉफ्टवेअर तपासायच्या कामाचा) इंटरव्ह्यू झाला त्यात अर्धा तास फक्त त्या ट्यूटरिंगबद्दलच बोलणं झालं, मुलं कुठे चुकतात, तुम्ही चूक कशी शोधून देता वगैरे. ती नोकरी मिळाली.

तुमचं मात्र थोडं वेगळं आहे. तुमच्याकडे डिग्री आहे, तर जनरल एज्युकेशनचे विषय करत बसू नका. सी++, डेटा स्ट्रक्चर्स, डिस्क्रीट मॅथ, कॅल्क्युलस एवढं घ्या आणि मास्टर्सला अर्ज करा, फक्त तीन वर्षांची बी.एस्सी. तिथे चालते का ते आधी विचारून घ्या. एच-१बी ला, म्हणजे नोकरीच्या व्हिसाला, बॅचलर किंवा त्याच्या तोडीचं लागतं, नुसत्या असोसिएटवर ते होत नाही. एच-४ वर शिकता येतं पण ईएडीशिवाय कॅम्पसवरचं कामसुद्धा करता येत नाही. दुसऱ्या राज्यात असाल तर फीचे हे आकडे धरू नका. आणि फ्रेशर्सना सध्या २०१८ पेक्षा जड जातंय, हेही खरं.

लीज, लायसन्स, टॅक्स रिटर्न असे रेसिडेन्सीचे कागद आत्तापासून दोघांच्या नावाने जमवायला लागा. आणि मिस्टरांना एक विचारा, बूटकॅम्पमध्ये एखादा विषय राहिला तर तो परत करायला किती पैसे पडतील?